सगळं जेमिनिड्सवर ढकलू नका

मीटिअर रडारवर काम करतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, मग रात्रभर गच्चीवर उल्का बघत बसता का? नाही हो. आम्हाला उल्का दिसायची गरजच नसते, ढग असू दे नाहीतर भर दुपार. उल्का ८०-१०० किमीवर जळते, मागे आयनाइज्ड हवेचा पट्टा सोडते, तो तिथल्या वाऱ्याबरोबर वाहतो, आपण खालून रेडिओ पल्स मारायचे आणि इकोची फ्रिक्वेन्सी किती सरकली (डॉप्लर) त्यावरून वारा काढायचा. बलून ३५ किमीच्या आसपास फुटतो, सॅटेलाइट इतक्या खाली टिकत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. मी शिकलो कोल्हापुरात, तिथे शिवाजी विद्यापीठाच्या आवारात एमएफ (मीडियम फ्रिक्वेन्सी) रडार आहे, पद्धत वेगळी पण वारे त्याच उंचीचे, हे खूळ डोक्यात शिरलं ते तिथूनच.

तर, डिसेंबरातली गोष्ट. दक्षिणेतलं एक स्टेशन, नाव राहू दे. त्या बाजूला डिसेंबरात पण पाऊस असतो, आणि आदल्या दोन दिवसांत तर धो धो पडला होता. १४ तारखेला सकाळी डेटा उघडला तर पहाटेचा उच्चांकच (पीक) गायब! पहाटे सहाच्या सुमाराला आपली बाजू पृथ्वीच्या पुढच्या अंगाला असते त्यामुळे तेव्हा उल्का सगळ्यात जास्त सापडतात, संध्याकाळी सगळ्यात कमी, हे रोजचं गणित. कच्चे इको बघितले तर ते भरपूर होते, सॉफ्टवेअरच निम्म्याहून जास्त फेकून देत होतं, म्हणे उंची बसत नाही. स्काय मॅप, म्हणजे इको आकाशात कुठून आले त्याचा नकाशा, तोही एका बाजूला कललेला.

सर म्हणाले, "अरे जेमिनिड्स आहेत ना, त्याचा इफेक्ट." जेमिनिड्स म्हणजे डिसेंबरात मिथुन राशीकडून येणारा उल्कावर्षाव. म्हणणं अगदीच चूक नव्हतं, कारण पट्टा रडारच्या नजरेला काटकोनात असला तरच इको मिळतो, आणि वर्षावातल्या सगळ्या उल्का एकाच दिशेने येत असल्यामुळे इको आकाशात एका पट्टीत गोळा होतात. पण मिथुन रास सकाळी नऊच्या आसपास मावळते, आणि दुपारी बारालाही मॅप तसाच वाकडा. मग कसले जेमिनिड्स?

मग उल्कांनाच विचारलं. इको किती वेळात विरतो त्यावरून उंचीचा अंदाज येतो, वर हवा विरळ, पट्टा पटकन पसरतो. आमच्या साडेआठ मीटर वेव्हलेंग्थला ८५ किमीवरचा इको साधारण ०.२ सेकंद टिकतो, ९८ वर काही शतांश सेकंदच. एक इको घेतला, रेंज (रडारपासूनचं थेट अंतर) १५० किमी, सॉफ्टवेअर म्हणतंय उंची १०७, आणि विरायला वेळ घेतोय ९० वाल्यासारखा! उंची येते रेंज आणि कोनातून. रेंज बरोबर, म्हणजे कोन चुकतोय. कोन मिळतो पाच रिसीव्हिंग अँटेनांच्या फेजमधून (म्हणजे लहर प्रत्येकाला किती पुढे-मागे पोचते त्यावरून), एका रांगेत मधल्या अँटेनापासून एक अँटेना दोन वेव्हलेंग्थवर आणि दुसरा अडीचवर, म्हणजे फेजचं प्रमाण ४:५ यायलाच हवं. पूर्व-पश्चिम रांग चोख. उत्तर-दक्षिण रांगेत प्रत्येक उल्केला जवळपास सारखाच फरक, आणि प्रत्येक उल्का एकाच आकड्याने चुकेल कशी, चुकतेय ती केबल.

अण्णा (आमचे टेक्निशियन, वीस मिनिटांत काहीही उघडतात) गमबूट घालून चिखलातून गेले, मागे मी छत्री धरून. टोकाच्या अँटेनाच्या कनेक्टरवरची टेप काढली तर आतून चमचाभर पाणी आलं, पिन हिरवी पडलेली. "केबल ठीक आहे, टेप उलटी गुंडाळलीय, वरून खाली," अण्णा म्हणाले, म्हणजे प्रत्येक वेढ्याची फट वरच्या बाजूला, पाणी थेट आत. टेप खालून वर गुंडाळायची असते, कौलं लावतात तशी, हे कुठल्याच पेपरात लिहिलेलं नसतं.

टोक कापून नवीन कनेक्टर लावला, पण त्या दोन दिवसांच्या डेटाचं काय? कच्चे फेज साठवलेले होते म्हणून वाचलो. पाणी मुरेल-सुकेल तसा फरक हळूहळू सरकत होता, तर तासातासाच्या उल्कांवरूनच तो काढला, वजा केला, कोन परत काढले. पहाटेचा पीक परत आला, कुठल्या उंचीवर किती उल्का त्या आलेखाचा डोंगर ९० किमीवर नीट बसला आणि वाऱ्यातली १२ तासांची भरती-ओहोटी स्वच्छ दिसायला लागली.

सरांनी प्लॉट बघितला. म्हणाले, "बरं, आता जेमिनिड्सच्या उल्का वेगळ्या काढून दाखव." म्हणजे जेमिनिड्स काही सुटले नाहीत.