पुरावा ‘अत्यंत कमी’, तरीही शिफारस

औषधांना दाद न देणारा टीबी मुंबईच्या कुठल्याही छाती विभागाला नवा नाही. 2024 मध्ये केंद्राने अशा टीबीसाठी सहा महिन्यांच्या बीपाल-एम कोर्सला (बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन) मंजुरी दिली आणि आमच्या विभागाचा प्रोटोकॉल नव्याने लिहायचं ठरलं. पुराव्याची खात्री ‘उच्च’ ते ‘अत्यंत कमी’ अशा पायऱ्यांवर मोजणाऱ्या ग्रेड पद्धतीने पुरावा तोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

नियम सरळ आहेत. रँडमाइज्ड ट्रायल (कुणाला कुठला उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणारी चाचणी) ‘उच्च’वरून सुरू होते, निरीक्षणात्मक अभ्यास ‘कमी’वरून. मग पक्षपाताला वाव आहे का, निकालांचा मेळ बसतो का, ते रुग्ण आपल्यासारखे आहेत का, आकडे पुरेसे आहेत का, नकोसे निकाल दडपले गेले का, हे बघत खाली उतरायचं. आणि हे प्रत्येक परिणामासाठी वेगळं. मृत्यूची ओळ वेगळी, दुष्परिणामांची वेगळी. माझा सगळा वेळ त्यातच गेला.

मुख्य ट्रायल बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तानातली. वाईट निकाल (मृत्यू, उपचार फसणं किंवा मध्येच थांबणं वगैरे) नव्या कोर्समध्ये 11 टक्के, जुन्या उपचारांत 48. आकडा बघून कुणीही हरखेल. पण त्या 48 मध्ये मोठा वाटा उपचार मध्येच थांबवलेल्यांचा होता, आणि कुणाला कुठली औषधं चालू आहेत हे डॉक्टर-रुग्ण दोघांनाही ठाऊक होतं. ‘थांबवू या’ हा निर्णय अशा वेळी कितपत निःपक्ष राहतो? शिवाय रुग्णसंख्याही लहान. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये याच कोर्सला ‘सशर्त शिफारस, पुराव्याची खात्री अत्यंत कमी’ असा शेरा दिलाय.

बैठकीत सर म्हणाले, “अत्यंत कमी, मग शिफारस कसली करताय?” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “सर, जुन्या दीड वर्षाच्या कोर्सचा पुरावा तरी कुठे भक्कम आहे?”

गाडी तिथून पुढे सरकली. पुरावा किती पक्का हा एक प्रश्न; फायदा-तोटा, खर्च, रुग्णाला काय हवंय, यावरून ठरणारं शिफारशीचं बळ हा दुसरा. रोजंदारीवरच्या माणसाला दीड वर्ष आणि सहा महिने यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. पण नव्या कोर्समधल्या लिनेझोलिडमुळे पायांना मुंग्या येतात, रक्तपेशी घटतात, नजरही अधू होऊ शकते. हे मात्र सांगावंच लागतं.

शेवटी ‘द्यावा’ ऐवजी ‘सुचवतो’ असं लिहिलं. गरोदर व स्तनदा माता आणि 14 वर्षांखालची मुलं वगळली, आणि रक्ततपासणी व नजर तपासणीच्या तारखांना केसपेपरवर वेगळा रकाना दिला. सरांनी सही केली, पण त्याआधी फॉन्ट बदलायला लावलाच.