नोव्हेंबरचा पोरगा
गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. जुलैमधला रविवार, आमच्या अंडर-१३ टीमची ट्रायल. मुंबईत शाळांचा फुटबॉल सीझन पावसातच असतो, त्यामुळे आझाद मैदान घ्या नाहीतर आमचं वडाळ्याचं ग्राउंड, पोरं घोट्यापर्यंत चिखलात. ५४ जण आले होते, घ्यायचे होते २०. मी १९ वर्षं कोचिंग करतोय, मला वाटायचं पोरगा बॉल घेऊन चार पावलं धावला की मला कळतं.

दुपारपर्यंत वीस जण काढले. संध्याकाळी शेडखाली बसून टूर्नामेंटचा फॉर्म भरत होतो, असिस्टंट जन्मदाखल्यांच्या झेरॉक्स बघून तारखा वाचतोय, मी लिहितोय. ९ जानेवारी. २२ फेब्रुवारी. १४ जानेवारी. ३ मार्च. ३० जानेवारी. आठव्या-नवव्या नावाला माझा पेन थांबला. म्हटलं थांब, परत वाच.

आमच्या पिढीत निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जून, शाळेत नाव घालताना मास्तरांनीच टाकलेला, माझाही तोच. पण ह्या पोरांचे दाखले महापालिकेचे, तारखा खऱ्या. वीसपैकी १२ जण जानेवारी ते मार्चमधले. जुलै ते सप्टेंबर दोन, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर फक्त एक, तो पण गोलकीपर, आत्ताच साडेपाच फूट. मग बाकी राहिलेल्या ३४ जणांचे पण दाखले काढले. सगळे ५४ एकत्र धरले तर वाढदिवस बारा महिन्यांत जवळपास सारखे विभागलेले होते. म्हणजे वाकडं केलं होतं ते माझ्या निवडीने.

ही गोष्ट मी कोचिंग कोर्समध्ये ऐकली होती, वहीत लिहून पण घेतली होती. आपल्याकडे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे एकाच गटात जानेवारीचा पोरगा आणि डिसेंबरचा पोरगा, जवळजवळ एक वर्षाचा फरक. बाराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे किती, आयुष्याचा बारावा हिस्सा! कॅनडात आइस हॉकीवर १९८५ मध्येच ह्याचा अभ्यास झालाय. इंग्लंडमध्ये वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं तर तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरची पोरं जास्त निवडली जातात, म्हणजे जानेवारीत काही जादू नाही, ती फक्त आपण आखलेली रेघ आहे. हॅरी केन २८ जुलैचा, तिथल्या हिशोबाने वर्षातला अगदी धाकटा, आर्सेनल क्लबने त्याला लहानपणीच सोडून दिलं होतं आणि आज इंग्लंडसाठी सगळ्यात जास्त गोल त्याच्या नावावर आहेत. हे सगळं मला माहीत होतं हो, आणि तरी मैदानात उभा राहिल्यावर मी मोठी अंगंच निवडली. चिखलात मोठं पोर लांब किक मारतं, शोल्डर देऊन बॉल काढून घेतं, आपण म्हणतो काय टॅलेंट आहे! ते टॅलेंट नसतं, दहा महिने जास्त जेवलेलं असतं ते.

आणि मला एक पोरगा आठवला. नोव्हेंबरचा. काडीसारखा, जर्सी गुडघ्यापर्यंत आलेली. तीन वेळा ढकलला गेला, तीन वेळा बॉल गेला, मी नावावर काट मारली, पुढे लिहिलं ‘ताकद नाही, पुढच्या वर्षी’. पण बॉल त्याच्याकडे यायच्या आधी तो दरवेळी मान वळवून मागे बघायचा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि मग पाय असा तिरका ठेवायचा की बॉल आपोआप मोकळ्या जागेकडे वळायचा. बारा वर्षांच्या पोरांना हे शिकवता शिकवता माझा घसा बसतो, वीसपैकी दोघांना जमतं कसंबसं. मी ते बघितलं होतं. बघून काट मारली होती.

टीम बांधायची म्हणजे ऑगस्टचा कप जिंकायचा, असं आम्ही कोच लोक कधी धरून बसलो देव जाणे. पालकांना कप हवा, शाळेला फोटो हवा, आणि खोटं कशाला बोलू, मलाही हवाच असतो. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी सगळ्यांची उंची वाढते, तेव्हा ढकलून जिंकणाऱ्या पोराकडे काही उरत नाही आणि मान वळवून बघणारा तोपर्यंत खेळ सोडून गेलेला असतो, हे मी इतक्या बॅचेसमध्ये बघितलंय की आता त्या पोरांचे चेहरे आठवून त्रास होतो.

त्याच संध्याकाळी शिवडीला त्याच्या चाळीत गेलो. आई म्हणाली, सर, तो दुपारपासून बोलत नाहीये, बूट शेजारच्या पोराला देऊन आला. म्हटलं ताई, चूक माझी आहे, त्याला बोलवा जरा. तो दारात उभा राहिला, मी सांगितलं तुला घ्यायचंय. त्याने एकच विचारलं, ‘‘मग कोणाला काढणार?’’

ह्याचा विचार मी केलाच नव्हता. तिथेच जिन्याजवळ उभं राहून ठरवलं. कुणालाच काढणार नाही, २८ जणांची प्रॅक्टिस घेईन, आठवड्यातून एक दिवस वयाप्रमाणे नाही तर अंगाप्रमाणे टीम पाडून छोट्या मैदानावर पाच-पाच जणांना खेळवीन, तिथे ढकलाढकली चालत नाही. फॉर्मवर वीसच नावं जातील, तुझं यंदा असेल की नाही ते आत्ता सांगत नाही. हे पण त्याला स्पष्ट सांगितलं, पोराला खोटी आशा लावायची नाही मला.

तो काही बोलेना. मी म्हटलं, बुधवारी साडेसहाला ये, बूट मी आणतो, नंबर काय तुझा?

‘‘तीन,’’ म्हणाला.