अमिताभचं मरण आणि मांडी

शुक्रवार, रात्र

उद्या दुपारची पाळी, म्हणून आज जागले. टीव्हीवर ‘दीवार’ लागला होता. शेवट पाठ आहे, तरी तो आला की हातातलं काम खाली ठेवते मी.

अंबाजोगाईत सिस्टर म्हणून इतकी वर्षं वॉर्डात काढली. माणूस जाताना कसा दिसतो, हे मला कुणी वेगळं सांगायला नको. ऊर्ध्व लागतो, छाती भात्यासारखी वरखाली होते, मग मध्येच श्वास थांबतो. नातेवाईक माझ्या तोंडाकडे बघतात, आणि तेवढ्यात पुन्हा एक श्वास येतो. हातपाय गार पडतात. बहुतेकांना शेवटी शेवटी शुद्धच नसते. गोळी लागल्यावर एवढं लांबलचक बोलणारं कुणी मी पाहिलेलं नाही. तरीही अमिताभच्या मरणाला खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सुरुवातीला तर तो मरणाऱ्याच्या उशाशी होता. १९७१ च्या ‘आनंद’मधला डॉक्टर भास्कर औषध आणायला जातो आणि परत येईपर्यंत राजेश खन्ना गेलेला असतो. मग भास्कर त्याच्यावर ओरडतो. सहा महिने बडबड करून डोकं खाल्लंस, आता बोल की, असं त्याचं चाललेलं असतं. वॉर्डात अगदी असंच होतं. रडू नंतर येतं, आधी राग येतो. मेडिकलवरून इंजेक्शन घेऊन धापा टाकत आलेला एक पोरगा मला आठवतो. पिशवी तशीच हातात, आणि बापावर चिडलेला, “अण्णा, थांबायचं की जरा! आलतो ना मी!” अमिताभ तेव्हा तिशीचाही नव्हता. एवढ्या कमी वयात त्याला हा राग कसा सापडला, याचं मला फार नवल वाटतं.

पुढे त्याच्या स्वतःच्या मरणांची रांगच लागली. १९७५ या एकाच वर्षात ‘दीवार’ आणि ‘शोले’. जय गेल्यावर वीरूच्या हाती ते नाणं लागतं आणि दोन्ही बाजू सारख्याच निघतात. तिथे माझं लक्ष जयपेक्षा धर्मेंद्रच्या चेहऱ्याकडेच जास्त असतं. ‘मुकद्दर का सिकंदर’ मला फार लांबलेला वाटतो. ‘दीवार’ची सर त्याला नाही.

‘दीवार’ पहिल्यांदा पाहिला तो गावी, गणपतीत. भाड्यानं आणलेला व्हीसीआर, समोर सतरंजीवर अख्खी गल्ली. देवाचं नाव काढलं की तोंड फिरवणारा विजय, फक्त आईच्या दुखण्यात एकदा देवाशी भांडायला गेलेला. आणि भावाची गोळी लागल्यावर तो धडपडत देवळातच येतो. निरुपा रॉय त्याचं डोकं मांडीवर घेते. तुझ्यापासून लांब राहून झोप कधी आलीच नाही गं, आता झोपव, अशा अर्थाचं तो काहीतरी पुटपुटतो. आवाज खाली खाली जातो. माझी आजी एकदम मोठ्यानं बोलली, “अगं माय, पाणी पाज की लेकराला! नुसती रडायलीस काय!”

कुणी हसलं नाही. पलीकडची काकू तर “हो ना, बाई” म्हणाली.

पुढे नर्सिंगला गेल्यावर शिकले की रक्त फार गेलं की माणसाला तहान लागते. अपघाताचा पेशंट येतो, घामानं थबथबलेला, पांढराफटक, तळमळत असतो आणि त्याचं एकच मागणं असतं, पाणी. ऑपरेशनला न्यायचं असतं म्हणून आम्ही ते देत नाही, फार तर ओला बोळा ओठांवरून फिरवतो. त्या वेळी हमखास आजी आठवते. तिला हे शास्त्र कुठून माहीत असणार! जाणाऱ्याच्या तोंडात पाणी आणि तुळशीचं पान घालायचं, ही तिची रीत. पडद्यावरचं लेकरू तिला खरंच जाताना दिसलं, म्हणून ती रीत मागत होती.

‘शक्ती’त तो बापाच्या, दिलीपकुमारच्या गोळीनं पडतो आणि बापाच्याच मिठीत जातो. ‘अग्निपथ’मध्ये (१९९०) मांडव्याचा विजय दीनानाथ चौहान पुन्हा आईच्या मांडीवर. ही आई म्हणजे आपल्या रोहिणी हट्टंगडी. वयानं त्या अमिताभपेक्षा लहान, पण बघताना ते ध्यानातही येत नाही. एवढा जगाला धाक घालणारा गडी, आईचा हात लागल्याबरोबर त्याचा खांदा सैल पडतो. तो सैल पडणारा खांदा मी ओळखते. ऊर्ध्व लागलेला पेशंट असला आणि करण्यासारखं काही उरलं नसलं, की मी कॉटची कडा खाली करते आणि घरच्या बाईमाणसाला वर बसवते. “घ्या मावशी, मांडीवर डोकं घ्या,” म्हणते. तळमळणारा माणूस पुष्कळदा निवतो. सगळ्याच वॉर्डांत एवढी मुभा मिळाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

एक मरण मात्र लोकांनी होऊ दिलं नाही. जुलै १९८२, बेंगळुरूला ‘कुली’ची मारामारी, पोटाला मार, आतड्याला इजा. देशभर नवस बोलले गेले. मूळ कथेत इक्बाल मरणार होता. मनमोहन देसाईंनी शेवट बदलला आणि त्याला जगवलं. बरोबरच केलं. ज्या बायांनी त्याच्यासाठी उपास धरले, त्यांना तिकीट काढून त्याचं मरण कसं दाखवणार? त्या वेळी चढवलेल्या रक्तातून त्याला हेपॅटायटिस बी झाला आणि ते कळलं कितीतरी वर्षांनी. हे त्यानं स्वतःच लोकांपुढे सांगितलंय. रक्ताची पिशवी लावताना मी लेबल दोनदा वाचते.

मग २०१५ चा ‘पिकू’. ना गोळी, ना रक्त. म्हातारा भास्कर सिनेमाभर पोट साफ होत नाही म्हणून घर डोक्यावर घेतो. आमच्याकडे सकाळच्या राउंडला म्हाताऱ्यांचं पहिलं गाऱ्हाणं तेच असतं, त्यामुळे मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. कोलकात्यात सायकल फिरवतो, मनासारखं खातो, पोटही साफ होतं आणि झोपेतच जातो. ते जाणं दाखवलेलंसुद्धा नाही. आपल्याकडे म्हटलं असतं, पुण्यवान माणूस, कुणाला त्रास दिला नाही. मला ते त्याचं सगळ्यात अवघड काम वाटतं. शेवटचा सीन हाताशी नसताना माणूस गेल्याचं दुःख आधीच्या सगळ्या कटकटीतून उभं केलंय त्यानं.

आणि २०२४ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ‘कल्की’त अश्वत्थामा! कपाळावरची जखम घेऊन तेल मागत फिरणारा, आजीच्या गोष्टीतला. एवढ्या वेळा मेलेल्या नटाला शेवटी मरणच नसलेला माणूस मिळाला.

मला त्याचं आणखी एक काम बघायचंय. साधा सरकारी वॉर्ड, खालच्या सतरंजीवर दमून झोपलेली सून, सलाईनच्या स्टँडला अडकवलेली डब्याची पिशवी आणि कॉटवर तो. संवाद एकही नको. नुसत्या श्वासावर तो ते करून दाखवील, याची मला खात्री आहे.