व्हार सिम्युलेशन, भाग ७ : दुसरी लाट आली एकदाची!

काल रात्री पावणेदोनला माझ्या संगणकी मलेरियाच्या परजीवी-संख्येच्या आलेखावर दुसरा उंचवटा दिसला. मग तिसरा. मागचे तीन भाग माझं रडगाणं ज्यांनी सोसलं, त्यांनाच याचं मोल कळेल. माझा फाल्सिपेरम (मलेरियाचा परजीवी) दर वेळी चाळिसाव्या दिवसाच्या आत मान टाकत होता.

घोळ असा होता. परजीवीकडे साधारण ६० व्हार जनुकं (प्रत्येकातून पीएफईएमपी-१ या प्रथिनाचा वेगळा प्रकार बनतो), त्यातलं एका वेळी एकच चालू. दर ४८ तासांच्या चक्रात थोडे परजीवी जनुक बदलतात आणि लाल पेशीवरच्या गाठींवर नवं पीएफईएमपी-१ मिरवतात. आधीच्या प्रथिनावर बेतलेले प्रतिपिंड हात चोळत बसतात. कागदावर झकास. पण हिशोब करा. अंगात ५ लिटर रक्त, म्हणजे ५० लाख मायक्रोलिटर. मायक्रोलिटरमागे १०,००० परजीवी धरले तर एकूण ५,००० कोटी. बदलाचा दर ०.०१ टक्का इतका कंजूष ठेवला, तरी एका चक्रात ५० लाख परजीवी पोशाख बदलतात. उरलेल्या ५९ जनुकांत सारखे वाटले तर प्रत्येकी ८५ हजार! पहिला ताप उतरायच्या आत साठही पत्ते उघडे, सगळ्यांवर प्रतिपिंड तयार, खेळ खलास.

नुसता दर खालीवर करण्यात दोन आठवडे घालवले. खूप खाली नेला की परजीवी पहिल्या लाटेबरोबरच संपतो, वर नेला की पत्ते उघडे. आणि समोर त्या जुन्या नोंदी टोचत होत्या. सिफिलिसच्या रुग्णांना मुद्दाम मलेरिया द्यायचे (वाग्नर-याउरेगना १९२७ चं नोबेल त्याच उपचारासाठी मिळालं), तेव्हाच्या परजीवींच्या मोजणीत लाटांमागून लाटा महिनोन् महिने चालतात.

शेवटी उपयोगी पडली ती २००४ मध्ये मांडलेली कल्पना, जी मी भाग ४ मध्ये ‘उगाच गुंतागुंत’ म्हणून उडवून लावली होती. माफी मागते. वेगवेगळ्या पीएफईएमपी-१ मध्ये काही तुकडे सामाईक असतात असं धरायचं. त्यांच्यावरचा प्रतिसाद कमजोर आणि अल्पजीवी, पण संख्येने कमी असलेल्या भावंडांना दाबून ठेवण्यापुरता पुरेसा. तो ओसरला की ज्याच्यावर दाब सगळ्यात कमी तो वर येतो. म्हणजे परजीवीचे पत्ते रांगेत लावून देते ती आपलीच प्रतिकारशक्ती! प्रत्येक प्रकाराला एक स्वतःचा आणि दोन सामाईक तुकडे दिले, आणि संसर्ग १८७ दिवस चालला.

जाता जाता: ब्लॉक ओढून मॉडेल जोडायचं ते सॉफ्टवेअर मी कायमचं सोडलं. दिसायला गोंडस, पण कण वाढले की रांगतं. पायथनमध्ये साठ रकान्यांचा ॲरे ठेवलाय. आकडा हजाराखाली गेला की फासे (म्हणजे यादृच्छिक निवड), वर असला की सरासरी. पूर्ण रन चार सेकंदांत. हे चार सेकंद मी सकाळपासून विनाकारण वीसेक वेळा अनुभवलेत.

आता नवं दुखणं. जुन्या मोजणीवर माझा आलेख ठेवला तर शिखरं जुळेनात. चहा गार झाल्यावर ट्यूब पेटली: मी सगळे परजीवी मोजत होते, सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर मात्र मुख्यतः कोवळी वलयंच (परजीवीची सुरुवातीची अवस्था) दिसतात. साधारण विसाव्या तासानंतर परजीवी असलेल्या पेशी सीडी-३६, आयकॅम-१ वगैरे भिंतीवरच्या प्रथिनांना धरून रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, प्लीहेच्या गाळणीत सापडू नये म्हणून. त्याहून लाजिरवाणं म्हणजे, मायक्रोलिटरमागे ५० च्या खाली आकडा गेला की माझा कोड ‘बरा झाला’ म्हणून रन थांबवत होता. ५० म्हणजे अंगात २५ कोटी! म्हणजे ते १८७ दिवससुद्धा मीच कापलेले.

पुढच्या भागात रिफिन घेणार होते (परजीवीचीच आणखी एक प्रथिनं, दीडशेच्या आसपास जनुकं; त्यातली काही प्रथिनं एलआयएलआरबी-१ या आपल्या प्रतिकार-पेशींवरच्या प्रथिनाला धरून त्याच पेशींचा ब्रेक दाबतात). पण हे लिहिताना वाटतंय, आधी प्लीहाच घालावी. न चिकटणारा एक प्रकार मुद्दाम सोडायचा आणि किती चक्रं टिकतो ते बघायचं. गाळणीत दर फेरीला किती टक्के अडकवायचे, याचा सोपा फॉर्म्युला कुणी वापरलाय का? तोवर थांबण्याची अट शून्यावर आणून पाचशे रन लावलेत. पहिला संपला, ३४१ दिवस.