मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आणि आमची टर्की

सगळ्यात आधी लक्षात आलं ते आईच्या. ती सप्टेंबरात नाशिकहून आमच्याकडे श्रूजबरीला आली (अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं आमचं गाव, बॉस्टनपासून तासाभरावर) ती बॅगेत कालनिर्णय घेऊनच, आणि दुसऱ्याच दिवशी ते फ्रीजवर लागलं. दिवाळी झाल्यावर एकदा नोव्हेंबरचं पान बघत म्हणाली, अगं, २७ तारखेला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे, आणि तुमचं ते टर्कीचं जेवण पण त्याच दिवशी ना?

थँक्सगिव्हिंग (इथला आभार मानायचा सण, जेवणात टर्की म्हणजे कोंबडीसारखा मोठा पक्षी अख्खा भाजतात) कायम नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतं, १९४१ साली इथे तसा कायदाच झाला, आणि आईचं महालक्ष्मीचं व्रत मार्गशीर्षातल्या गुरुवारचं, लग्न झाल्यापासून एकही चुकलेला नाही. म्हणजे वर घट मांडलेला, आई दिवसभर उपाशी आणि खाली ओव्हनमध्ये टर्की. मी सरळ म्हटलं, यंदा कॅन्सल करू, सगळ्यांना सांगते.

तर आईच चिडली. म्हणाली, कहाणीतली सुरतचंद्रिका राणी दारात आलेल्या म्हातारीला हाकलून देते म्हणून तर तिचं सगळं राज्य जातं, आणि तू लक्ष्मीच्याच दिवशी अठरा माणसांना येऊ नका म्हणून सांगणार? मी काय बोलणार यावर.

आणि खरं सांगायचं तर कॅन्सल करणं मलाही जिवावर आलं होतं. इथे दिवाळी येते ती वर्किंग डेला, यंदा लक्ष्मीपूजन सोमवारी आलं, मी लॅपटॉप बंद करून उठले तर नवरा अजून मीटिंगमध्ये, लेकीची दुसऱ्या दिवशी टेस्ट. फराळ शनिवारी, पार्टी त्याच्या पुढच्या शनिवारी. अख्खा देश एकदम थांबतो तो थँक्सगिव्हिंगला, त्यामुळे पंगत बसल्यासारखं सगळ्यांनी एकत्र जेवायचं असेल तर आमच्यासाठी तोच दिवस. आमच्याकडे दोन मराठी कुटुंबं येतात, नवऱ्याच्या ऑफिसमधलं एक जोडपं, वूस्टरला शिकणारी दोन पोरं ज्यांना सुट्टीत जायला घर नाही, आणि शेजारच्या आजी. आजींचं वय ८३, एकट्याच राहतात. आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात बर्फ कसा काढायचा, मीठ कधी टाकायचं हे त्यांनी शिकवलं, लेक लहान असताना तिला सांभाळलं, त्यांना वगळून माझ्या घरात कुठलाच सण होत नाही.

टर्कीचा प्रश्न त्यांनीच सोडवला. म्हणाल्या, माझा ओव्हन रिकामाच असतो, तिकडे भाज, आणि तुझ्या आईची पूजा झाली की आण.

ऑक्टोबरात आम्ही आईला प्लिमथला घेऊन गेलो होतो. वाटेत कार्व्हरला क्रॅनबेरीचे, म्हणजे छोट्या आंबट लाल फळांचे मळे लागतात. काढणीच्या वेळी मळ्यात पाणी सोडतात, क्रॅनबेरी आतून पोकळ असते म्हणून झुडपावरून सुटली की वर तरंगते, आणि मग सगळं तळं लालभडक दिसतं. आई कठड्याशी उभी राहून किती तरी वेळ बघत होती, म्हणाली कुंकवाचं तळं दिसतंय.

प्लिमथला इंग्लंडहून वस्तीला आलेले लोक जिथे उतरले असं सांगतात तो १६२०चा आकडा कोरलेला दगड आहे, पण माझ्या मनात राहिली ती कोल्स हिल नावाची टेकडी. तिथे वाम्पानोआग या इथल्या मूळ रहिवाशांचा प्रमुख मॅसासॉइट याचा पुतळा आहे. १६२१च्या ज्या जेवणावरून हा सण सांगतात त्याला मॅसासॉइट नव्वदेक माणसं घेऊन आला, त्यांनी पाच हरणं मारून आणली आणि तीन दिवस जेवणं चालली, असं त्या आलेल्यांपैकीच एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात आहे. मका कसा लावायचा हेही आलेल्यांना शिकवलं ते इथल्याच टिस्क्वांटमने. आणि पुढे त्याच लोकांच्या जमिनी गेल्या, माणसं गेली. म्हणून १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला मूळ रहिवासी त्या टेकडीवर जमतात आणि शोकदिन पाळतात, तिथे तशी पाटीही आहे. लेकीने ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, मग आपण का करतो? मी तिला एवढंच सांगितलं की जेवायच्या आधी आपण त्यांचं नाव घ्यायचं, आणि यंदा ते तिनेच घेतलं. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

आता स्वयंपाक. आईने क्रॅनबेरीचा मेथांबा केला. इथे सगळे साखर घालून सॉस करतात, आईने तेलात मोहरी, मेथ्या, हिंग, लाल तिखट टाकलं, त्यावर १२ औंसाची अख्खी पिशवी आणि मग गूळ. क्रॅनबेरी गरम झाली की एकेक टप्-टप् फुटायला लागते, दहा मिनिटांत दाट होतो, कैरीच्या मेथांब्याइतकाच आंबटगोड पण रंग काय! आणि रताळी!! इथल्या जेवणात रताळं लागतंच, त्यावर मार्शमेलो घालून बेक करतात, आणि आपल्याकडे रताळं उपासाचं. म्हणून यंदा मार्शमेलो नाही, तुपावर गुळातल्या रताळ्याच्या फोडी, वर वेलदोडा, आईच्या उपासाला पण तेच आणि टेबलावर पण तेच. भोपळ्याचा पाय (सारण भरून बेक केलेला इथला गोड पदार्थ) आजींचा, भोपळ्याचे घारगे माझे.

टर्की १४ पौंडाची, म्हणजे सहा किलोच्या वर, रविवारीच फ्रीझरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवली कारण चार-पाच पौंडाला एक दिवस लागतो वितळायला. गुरुवारी सकाळी आजींच्या किचनमध्ये कातडीखाली हळूच बोटं सरकवून कातडं मांसापासून सुटं केलं (नखं कापलेली हवीत, फाटलं तर बटर वितळून सगळं ट्रेमध्ये), आणि आत बटर, आलं-लसूण, आईचा काळा मसाला असं सगळं चोळून भरलं. बटर कमी पडलं आणि या दिवशी इथे बहुतेक दुकानं कायद्यानेच बंद, तर आजींनी स्वतःच्या पायसाठी ठेवलेली वडी काढून दिली. सव्वाबाराला ३२५ डिग्री फॅरनहाइटवर आत, पावणेचारला मांडीत थर्मामीटर टोचला तर १६५, झालं.

वर आईची वेगळी धावपळ. घटाला पाच झाडांचे डहाळे हवेत आणि इथे नोव्हेंबरात झाडं बोडकी. आंब्याची आणि विड्याची पानं इंडियन स्टोअरमधून आणली, तुळस आणि कढीपत्ता खिडकीतल्या कुंडीतले, पाचवा डहाळा मागच्या पाईनचा. सकाळी आठला दादाला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे संध्याकाळचे साडेसहा, वहिनीची आरती चालू होती, आई इथून टाळ्या वाजवत होती. दादाची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, छाटणी झालेली, यंदा पाऊस लांबला म्हणून डावणी रोगाची धास्ती, फोनवर पण तेच बोलत होता.

त्याच भागातली वाईन आईने बॅगेतून आणली होती, शेनिन ब्लां या पांढऱ्या वाईनची एक बाटली, साडीत गुंडाळून. आयुष्यात एक थेंब न घेतलेली बाई, पण म्हणाली आपल्याकडच्या द्राक्षांची आहे, तुमच्या पाहुण्यांना कळू दे. गार करून दिली आणि मसाल्याबरोबर ती खरंच छान लागली. मित्र दरवर्षी फ्रान्सची बोजोले नूवो आणतो, ती नवी वाईन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारीच बाजारात येते म्हणजे बरोबर आठवडाभर आधी, हलकी, फळांच्या चवीची, टर्कीसोबत जाते. तिखट जेवणावर कॅबर्नेसारखी जड रेड वाईन मात्र नको, तोंड अजून भाजतं.

उपास सुटायचा संध्याकाळी. आणि आमच्याकडे या दिवसांत सूर्य सव्वाचारलाच मावळतो! मी कधी असा हिशोबच केला नव्हता. सव्वाचारला आईने निरांजन लावलं, अठरा माणसं त्या छोट्या खोलीत आणि जिन्यात उभी, आरती झाली, नैवेद्य दाखवला. मग आई बायकांना हळदीकुंकू लावायला लागली. आजी मागे दाराशी उभ्या होत्या, त्यांचे मिस्टर जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आई स्वतः बाबा गेल्यापासून हळदीकुंकवाला कुठे पुढे होत नाही हे मला माहीत आहे. आई सरळ त्यांच्यापर्यंत गेली, त्यांच्या कपाळावरचे पांढरे केस एका हाताने बाजूला केले, हळद लावली, कुंकू लावलं, हातात केळं दिलं. मग कुंकवाची कोयरी त्यांच्यापुढे धरली आणि स्वतःचं कपाळ पुढे केलं. आजींनी बोट बुडवून लावलं, जरा मोठंच लागलं. मी जिन्यात रडत होते.

मग टर्की आली, नवरा आणि ती दोन पोरं ट्रे धरून ड्राइव्हवेमधून हळूहळू चालत, मागे लेक टॉर्च घेऊन.

शुक्रवारी सकाळी आईने घट हलवला, कळशातलं पाणी तुळशीला घातलं. आजी रिकामा ट्रे न्यायला आल्या तेव्हा त्यांना कळलं की हे अजून तीन गुरुवार आहे. आता पुढच्या गुरुवारी सव्वाचारला त्या रताळी घेऊन येणार आहेत, आणि पाईनचा डहाळा त्यांच्या अंगणातला.