ज्युरीत नाव लागलं तेव्हा

अमेरिकेची सिटिझनशिप घेतली की कधी ना कधी ज्युरीसाठी, म्हणजे सामान्य नागरिकांनी बसून खटल्याचा निकाल द्यायचा त्यासाठी, समन्स येतंच. मला कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सुपीरियर कोर्टाचं आलं. ऑफिसात जो तो यातून सुटायचं कसं तेच सांगत होता. मला मात्र आत काय चालतं ते बघायचं होतं.

कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या, प्रत्येकीचं आपलं सुपीरियर कोर्ट. वर अपील कोर्ट, त्यावर राज्याचं सुप्रीम कोर्ट. चोरी, घटस्फोट, घरभाड्याची भांडणं, बहुतेक सगळं इथेच निघतं. वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टातल्या नऊ न्यायाधीशांपर्यंत जाणारी फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टांची उतरंड वेगळी.

आमची केस दारू पिऊन गाडी चालवल्याची. ज्युरीच्या निवडीतच बराच वेळ गेला. घरात कुणी पोलिसात आहे का, अपघातात कुणी गेलंय का, सगळं विचारतात. एका बाईंचा भाऊ गेलेला. त्या बोलता बोलता थांबल्या, जजने आभार मानून त्यांना मोकळं केलं. मी पीत नाही म्हटल्यावर आरोपीच्या वकिलाने विचारलं, "मग पिणाऱ्याचं नीट ऐकून घ्याल?" घेईन म्हटलं. ज्युरीत राहिले.

मग घरी एक शब्द काढायचा नाही, गूगल करायचं नाही. नवरा विचारायचा, आज काय झालं? मी म्हणायची, भाजी काय करू? पहिल्या दिवसाचे पैसे नाहीत, पुढे रोज १५ डॉलर. पार्किंग आणि जेवणातच संपतात.

आरोप दोन: नशेत गाडी चालवणं, आणि रक्तात ०.०८ टक्के किंवा जास्त अल्कोहोल असणं. रिपोर्टचा आकडा मर्यादेच्या जेमतेम वर. ज्युरीच्या खोलीत आमचा सगळा वाद घड्याळावर झाला. गाडी अडवली तेव्हा आणि रक्त घेतलं तेव्हा, यात तासाभराहून जास्त अंतर. शेवटचा पेग निघताना घेतलेला, म्हणजे अल्कोहोल अजून चढत असेल तर गाडी चालवताना आकडा कमी असू शकतो. एक आजोबा म्हणाले, "प्यायला होता ना, मग संपलं." पण कोर्टाने लेखी दिलेल्या सूचनांत दोषी ठरवायचं तर वाजवी शंका उरता कामा नये असं होतं, आणि बाराच्या बारा जणांचं एकमत हवं. तो परिच्छेद आम्ही किती वेळा वाचला! व्हिडिओत माणूस सरळ चालत होता, बोलणंही स्वच्छ. शेवटी दोन्ही आरोपांतून निर्दोष. क्लार्कने एकेकाला विचारलं, हाच तुमचा निकाल? आजोबाही हो म्हणाले.

एवढा थाट वाट्याला येतो थोड्यांच्याच. इथल्या ९० टक्क्यांहून जास्त शिक्षा सरकारी वकिलाशी तडजोड करून, गुन्हा कबूल करून होतात. ज्युरीची खोली बहुतेकांना दिसतच नाही. मला हे जास्त खटकलं.

निकालानंतर बोलायला मोकळीक मिळाली तेव्हा बाबांना फोन केला. त्यांनी लगेच नानावटी खटला काढला, नौदल अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्याचा. "मुंबईत ज्युरीने आठ विरुद्ध एक असं सोडलं, हायकोर्टाने फिरवलं की! तुमचंही फिरवतील." म्हटलं, नाही बाबा, इथे ज्युरीने निर्दोष म्हटलं की सरकारला अपीलच करता येत नाही. "आणि तुमचं चुकलं असेल तर?" म्हटलं, तरीही नाही.