घाटातील धुक्यात मंद पडलेले टेल लाइट

पिकअपच्या हौद्यात बसवलेला कॅम्पर (राहण्याची फिरती खोली) घेऊन आम्ही डोंगराळ मुलखातून केलेल्या या प्रवासात रस्ता चांगला होता आणि मुक्कामाच्या जागाही निवांत होत्या, त्यामुळे त्यांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. सांगण्यासारखे आहे ते मागच्या दिव्यांविषयी. घाटमाथ्यावर धुके दाटले तेव्हा मागून येणाऱ्या सोबत्यांनी कळवले की कॅम्परचे टेल लाइट जेमतेम दिसत आहेत आणि ब्रेक दाबला की ते आणखी मलूल होतात. कॅम्परचा मागचा भाग हौद्याच्या बाहेर आलेला असल्यामुळे पिकअपचे स्वतःचे दिवे त्याच्या सावलीत झाकले जातात. मागच्या वाहनाला कॅम्परच्या दिव्यांचाच आधार असतो, म्हणून रुंद जागा मिळताच आम्ही गाडी बाजूला घेतली.

पहिली तपासणी उपकरणाविना होते. खाली वाकून पिकअपचे स्वतःचे टेल लाइट पाहावेत. आमचे लख्ख पेटत होते, म्हणजे बॅटरी, अल्टरनेटर आणि मुख्य स्विच यांच्याकडे दोष नव्हता. तो कॅम्परचा प्लग जिथे लागतो त्या हौद्यातल्या सॉकेटपासून पुढे कुठेतरी होता. दुसरी खूण याहून बोलकी आहे. ब्रेक दाबल्यावर टेल लाइट उजळण्याऐवजी मंद होत असतील, किंवा एका बाजूच्या इंडिकेटरबरोबर दुसऱ्या बाजूचा दिवाही लुकलुकत असेल, तर अर्थिंगवर, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडणीवर, संशय घ्यावा. दोन फिलामेंटच्या बल्बमध्ये टेलचे फिलामेंट साधारण ५ वॉटचे आणि ब्रेकचे २१ वॉटचे असते व दोघांची अर्थ जोडणी एकच असते. तो परतीचा मार्ग अडखळला की करंट शेजारच्या फिलामेंटमधून उलटी वाट काढतो आणि दिवे असे चमत्कारिक वागू लागतात.

अशा वेळी बल्ब बदलण्याची घाई सगळेच करतात, पण बल्ब सहसा मंद होत नाही, तो जातो. एकाच वेळी सगळे दिवे मंद झाले असतील तर कारणही सगळ्यांत समाईक असणार. मल्टिमीटर लावतानाही एक पथ्य पाळावे लागते. बल्ब काढून रिकाम्या होल्डरवर व्होल्टेज मोजले तर गंजलेल्या जोडातूनही ते पुरेपूर दिसते, कारण मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. म्हणून दिवे चालू ठेवूनच मोजावे. मीटरची एक टोकणी पिकअपच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी पेटलेल्या बल्बच्या बाहेरच्या धातूच्या भागावर टेकवली की परतीच्या मार्गात किती व्होल्ट वाया जात आहेत ते थेट कळते. हा आकडा ०.२ व्होल्टच्या आत असावा. आमच्याकडे इंजिन चालू असताना तो १.६ होता. पॉझिटिव्हच्या बाजूला आणखी ०.६ जात होते, म्हणजे बॅटरीवर १३.६ व्होल्ट असताना बल्बला ११.४ मिळत होते. ही घट किरकोळ वाटते, पण फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताप्रमाणे बदलतो, त्यामुळे एवढ्या घटीतही तो जवळपास निम्म्यावर येतो आणि धुक्यात तो निम्माही पोहोचत नाही.

या प्रवासात खरे कोडे वेगळेच होते. दिवे सकाळी निघताना सर्वांत मंद असत आणि दुपारपर्यंत बरेच सुधारत, त्यामुळे रात्रीच्या दवाला दोष देण्याचा मोह होत होता. कारण मात्र करंटच्या हिशेबात सापडले. कॅम्परच्या जोडणीत सामान्यतः एकाच अर्थ पिनमधून सगळ्यांचा परतीचा करंट जातो: दिव्यांचा, कॅम्परची बॅटरी चार्ज करणाऱ्या वायरचा आणि फ्रिज १२ व्होल्टवर ठेवला असेल तर त्याचाही. गॅसवरही चालणारा फ्रिज १२ व्होल्टवर असताना सहज १० ते १५ अँपिअर ओढतो. रात्रभर वापरून उतरलेली बॅटरी सकाळी जोरात चार्ज होते, तेव्हा कमकुवत पिनवर सर्वाधिक भार पडतो आणि दिव्यांच्या वाट्याचे व्होल्टेज तिथेच खर्ची पडते; बॅटरी भरत जाईल तसा तो भार उतरतो. फ्रिज बंद करून चार्जिंगच्या वायरचा फ्यूज काढताच अर्थच्या बाजूचा आकडा १.६ वरून ०.६ वर आला. ज्यांना मीटर वापरता येत नाही त्यांच्यासाठी हीच युक्ती उत्तम आहे: इंजिन चालू ठेवून एकाने फ्रिज बंद-चालू करावा आणि दुसऱ्याने मागे उभे राहून दिव्यांकडे पाहावे.

दोष नेमका कुठे आहे हे ठरवण्यासाठी एक जाड वायर पुरते. तिचे एक टोक कॅम्परच्या निगेटिव्हला आणि दुसरे पिकअपच्या चासीवरील रंग नसलेल्या स्वच्छ बोल्टला लावावे. दिवे त्या क्षणी उजळले तर दोष प्लग, सॉकेट किंवा त्यांच्या अर्थ वायरमध्ये आहे. न उजळल्यास तो कॅम्परच्या आत शोधावा, आणि जुन्या कॅम्परमध्ये तो बहुधा दिव्यापाशीच सापडतो, कारण तिथे दिव्याचा अर्थ एखाद्या स्क्रूने ॲल्युमिनियमच्या पत्र्याला दिलेला असतो आणि तो स्क्रू पांढऱ्या भुकटीने वेढला जातो. लाकडी सांगाड्याचा कॅम्पर हौद्यात टेकलेला असला म्हणून त्याला अर्थ मिळतो असे समजू नये.

आमचे दिवे उजळले. प्लग उघडला तेव्हा अर्थ पिनचा स्क्रू बोटांनी फिरत होता, वायरच्या बऱ्याच तारा हिरव्या पडून तुटल्या होत्या आणि उरलेल्या चार-सहा तारांभोवतीचे प्लॅस्टिक उष्णतेने तपकिरी झाले होते. असे तपकिरी प्लॅस्टिक दिसले की तिथे उष्णता साचत आहे हे निश्चित समजावे. वायर चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे कापली, नवा लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) दाबून बसवला, पिना पॉलिश पेपरने घासल्या आणि सॉकेटमध्ये थोडे डायइलेक्ट्रिक (वीज न वाहून नेणारे) ग्रीस लावले. सॉकेटच्या पात्या सैल असतील तर प्लगच्या पिनेची चीर बारीक स्क्रू-ड्रायव्हरने किंचित फाकवावी, म्हणजे पकड घट्ट होते. मात्र जोर लावल्यास पिन मोडते. पॉझिटिव्हच्या बाजूचे ०.६ व्होल्ट मुख्यतः बल्ब होल्डरच्या मळलेल्या स्प्रिंगमुळे होते आणि ती साफ केल्यावर प्रश्न मिटला.

एलईडी बल्ब बसवावेत असा सल्ला सर्रास मिळतो. करंट कमी लागत असल्यामुळे दिवे उजळ दिसतील हे खरे, पण अर्थ पिन फ्रिजच्या भाराखाली तापतच राहील, म्हणून माझ्या मते आधी अर्थ दुरुस्त करावा आणि मग हवे तर एलईडी घ्यावेत. लाल काचेमागे लालच एलईडी वापरावेत. यापुढच्या प्रवासासाठी मी कॅम्परच्या निगेटिव्हपासून पिकअपच्या चासीपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर वेगळ्या कनेक्टरसह टाकली आहे. कॅम्पर उतरवताना तो कनेक्टर आठवणीने सोडवावा लागतो. या मार्गाने जाणाऱ्यांनी मल्टिमीटर, काही मीटर जाड वायर, लग, पॉलिश पेपर आणि दोन जादा बल्ब जवळ ठेवावेत, रस्त्याच्या कडेला तपासणी करताना चाकांना अटकाव लावावा आणि घाट चढण्यापूर्वी फ्रिज गॅसवर न नेता बंदच ठेवावा. तो काही तास थंडच राहतो आणि दिव्यांना त्यांचे व्होल्टेज मिळते.